नंबराचा धोंडा

उदगीरला आमच्या गल्लीत पाणी नवव्या दिवशी येतं,
कधी दहाव्या. वेळ नळाची नळालाच ठाऊक.
म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही धोंडे मांडतो,
तोटीपासून पार इलाही बागवानाच्या हातगाड्यापर्यंत.
माझ्या धोंड्यावर खडूनं 'प' लिहिलंय.
बिडव्यांचा अर्धा पाटा. कुणाची तुटकी चप्पल, वर खापर.
माणसं घरी झोपतात
आणि त्यांच्या वतीनं दगड जागे राहतात.

सकाळी मी कॉलेजात हेच शिकवतो, तासिका तत्त्वावर:
राज्याचा उगम, गुण आठ.
एका गोऱ्या पंडिताच्या मते माणूस मुळात हमरीतुमरीवर आलेला,
डोक्यावर दांडका हवाच.
दुसऱ्याच्या मते समजूतदार, फक्त आपलं आपलं जपणारा.
तिसऱ्याच्या मते गुणी लेकरू, कुंपणं घातली आणि बिघडलं.
पोरं लिहून घेतात.
माझं मानधन आठ महिने आलेलं नाही.
तेही एक प्रकारे राज्यच,
पण प्रश्नपत्रिकेत येत नाही.

त्या रात्री तीनला लाइट गेली, उकाड्यानं उठून बाहेर आलो.
गल्लीत माणूस नव्हता, कुत्रंही नव्हतं.
एकतीस धोंडे एका ओळीत,
चांदण्यात, मतदान करून आल्यासारखे गप्प.
मी सतरावा.
दहा-बारा जणांनंतर धार करंगळीएवढी होते, सगळ्यांना माहीत.
ना शिपाई, ना नगरसेवक,
मारुतीही कुलपात.
तिन्ही पंडित आले, एकमेकांकडं बघत उभे राहिले.
त्यांचा निकाल लागायच्या आत
माझ्या हातांनी धोंडा उचलला होता.
सहावा झालो.
घरी येऊन गाढ झोपलो, हे जास्त लाजिरवाणं.

पहाटे केवळबाई सोनकांबळे आल्या, कळशी काखेत.
माझ्याकडं पाहिलं नाही. जमिनीकडं पाहिलं.
सतराव्या जागी फुफाट्यात
धोंड्याच्या बुडाएवढा एक दबलेला गोल.
"सर," त्या म्हणाल्या, "तुमचा धोंडा झोपंत चालतूय काय हो?"
बायका हसल्या. इलाही हसला.
मग मीही, दुसरं काय करणार.
कुणी पंचनामा केला नाही.
मी धोंडा उचलून त्या गोलात ठेवला.
बरोबर बसला.

मग धारेची वाट बघत त्या बोलल्या, मला नव्हे, कळशीला:
"माझी माय आडापसून लांब उभी राहायची.
रांग तवाबी व्हती. तिच्यात आमचा धोंडा नव्हता.
कुणी वरून वतलं तर पाणी, न्हाई तर ऊन.
ह्यो नंबर आपसूक न्हाई मिळाला, सर.
उगं हात लावू नका."

साडेसातला पाणी आलं. माझ्या वाट्याला दोन घागरी.
दहाला फळ्यावर लिहिलं: सामाजिक करार.
शेवटच्या बाकावर नौशीन तळहात चोळत होती,
बादलीच्या कडीचे वळ अजून लाल.
"सर, त्या करारावर बायकांच्या सह्या होत्या का?"
वर्गाला वाटलं, गंमत करतेय.
मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात काही नव्हतं.
"नव्हत्या," म्हणालो. "बायका तेव्हा आडावर असतील.
काही जणी आडापासून लांब."
खडू हातात तसाच.
मागून कुणीतरी विचारलं, हे किती मार्कांना येईल.

उद्या पुन्हा नववा दिवस.
आत्ताच धोंडा मांडून आलो,
केवळबाईंच्या धोंड्याजवळून येताना हात पाठीमागं बांधून.
तीनला अजून जाग येते.
मला माझी खात्री नाही.
गल्लीला आहे की नाही, ते ती सांगत नाही,
कुणी न सांगता सतरावी जागा तेवढी
माझ्यासाठी रिकामी सोडते.