एक चूल

प्रशिक्षणात तिन्ही दिवस तेच सांगितलं:
कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं.
नातं नंतर विचारा, आधी चूल विचारा.
दिल्लीच्या मॅडम गोड बोलल्या, पोहे आवडले त्यांना.
संक्रमणातली शहरं, म्हणाल्या, आणि त्यातली घरं,
आणि आम्हा अकरा जणांना एकेक टॅबलेट दिला.

निपानिया. चौथा मजला. लिफ्ट बंद.
दारावरच्या पाटीत वर उपेंद्र शिरसाट.
खालची ओळ खरवडलेली,
पण 'सौ.' नीट निघालं नव्हतं.

प्रश्न चौथा. इथे किती कुटुंबं राहतात?
वृषालीबाईंनी एक बोट वर केलं,
मग दुसरं, मग दोन्ही मिटून घेतली.
"मार्चमध्ये निकाल लागला आमचा," म्हणाल्या,
जसा बारावीचा लागतो.

कर्ज दोघांच्या नावावर, हप्ते अजून अकरा वर्षं.
फ्लॅट घेतला तेव्हाचा भाव आणि आजचा भाव
यांच्यामध्ये एक खोली सहज बसेल.
गिऱ्हाइकं दोन आली. एकाला वास्तू पटली नाही,
दुसऱ्याने कर्जापेक्षा तीन लाख कमी सांगितले
आणि तेही निम्मे रोखीत.
"कोर्टाने सोडवलं हो. बँक कुठे सोडवते?"

हॉलमध्ये प्लायवूड. पलीकडे उपेंद्र,
टीव्ही अगदी बारीक आवाजात.
फ्रिजचा वरचा कप्पा त्यांचा, मधला यांचा,
दारातला ऋजुताचा: जॅम, नेलपॉलिश, अर्धं लिंबू.
ती नववीत. तिन्ही कुलपांच्या चाव्या तिच्याकडे.

मग मी चूल विचारली.
सिलिंडर एकच. एका पत्त्यावर दुसरं कनेक्शन मिळालं नाही.
शेगडी एक, बर्नर दोन.
डावा त्यांचा. उजवा यांचा.
मधे ओट्यावर स्केचपेनची रेघ,
ऋजुताने पट्टी धरून ओढलेली.
पुसट झाली की तीच परत ओढते.

मी फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "इंटरेस्टिंग."
मग थोडं थांबून, "बर्नर व्याख्येत नाही. एक लिहा."
मी एक लिहिलं. टॅबलेटने हिरवी खूण दिली.

मिल बंद झाली तेव्हा नंदानगरात
आम्ही सात माणसं, चूल एक, खोली दीड.
दादासाठी लोक यायचे ते मुलगा बघायला नाही,
भिंती मोजायला यायचे. चहा पिऊन जायचे.
वडिलांनी थकबाकीच्या भरवशावर प्लॉट घेतला, डायरीवर.
बाहेरगावच्यांना समजावून सांगावं लागतं:
आमच्याकडे प्लॉट डायरीतही विकले जातात,
एक पान, एक नंबर, एक सही, रजिस्ट्री पुढे कधीतरी.
पान अजून आहे. नंबर एकशे चार.
त्या जागी आता कुणाचं तरी मॅरेज गार्डन झालंय.
दादाचं लग्न एक्केचाळिसाव्या वर्षी झालं,
दुसऱ्याच गार्डनमध्ये, तेही दुपारच्या स्वस्त वेळेत.
हे कोणत्या प्रश्नाखाली घालायचं,
मी मॅडमना विचारलं नाही.

"चहा घ्याल?"
उजव्यावर कुकर होता, एक शिट्टी बाकी होती.
प्लायवूडकडे वळून, नाव न घेता, त्या म्हणाल्या,
"डावा घेऊ का, दोन मिनिटं?"
पलीकडे टीव्ही बंद झाला.
"घ्या."
अहो-जाहो. लग्नात असतानाही असंच होतं की काय,
माझ्या यादीत तो प्रश्न नव्हता.

चहा तीन कप झाला. तिसरा
रेघेच्या डावीकडे ठेवून त्यांनी वर बशी झाकली
आणि विचारलं, हा सर्व्हे नेमका कुणाच्या उपयोगाचा?
मी म्हटलं, इथे सही करा, बोटाने.
"कोणतं आडनाव लावू?"
कर्जावर आहे ते, मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.
काचेवर त्यांनी 'वृषा' एवढं लिहिलं
आणि शिट्टी झाली.