कडता

मी मापारी. वीस वर्षं झाली,
राळेगावच्या जिनिंगवर काट्यामागं बसतो.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
मधला फरक तो माल.
ओलाव्याचा कडता वेगळा, कवडीचा वेगळा.
भांडणं होतात ती कडत्यावरून,
वजनावरून कोणी भांडत नाही.

म्हणून डॉक्टर बोबडे जेव्हा म्हणाले,
"श्वास सुधारेल. रात्री झोपेल.
उंचीत कदाचित एखादा सेंटिमीटर मागं राहील,
सगळ्यांचाच राहतो असं नाही,"
तेव्हा मला ऐकू आला फक्त सेंटिमीटर.

उत्पला सात वर्षांची.
दाराच्या चौकटीवर तिच्या रेघा,
दर बुद्धपौर्णिमेला, खीर उतरायच्या आधी,
शिसपेन्सिलीनं.

तपकिरी पंप रोज, दम असो नसो.
कुंदा अडली ती त्या 'नसो'वर.
"न दुखणाऱ्या पायाले कोणी मलम लावते काय?"
निळ्याचं तिला पटायचं:
हाक मारली की येतो, काम करतो, जातो.
तपकिरी म्हणजे घरजावई,
काम दिसत नाही आणि दोन्ही वेळा ताटावर.

काट्यावर गाडीवाले सांगायचे,
"पोरीले पंप काहून लावला बापा?
सवय पडते, मंग सुटत नाही."
सवय तर श्वासाचीही पडलेली आहे,
हे उत्तर मला सुचलं घरी येताना, सायकलवर,
तिथं ऐकायला कोणी नव्हतं.

दिवाळीपर्यंत तीन महिने छाती वाजली नाही.
पंप बंद केला.
मी केला. कुंदानं नाही.

मग हंगाम लागला.
केसांत रुई, कॉलरीत रुई,
तसाच मी तिला उचलून घ्यायचो.
त्या रात्री ती उशीला टेकेना.
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती,
एक शब्द, थांबणं, एक शब्द.
"बाबा." मग बराच वेळानं, "खिडकी."
खिडकी उघडीच होती.
निळा पंप किती वेळा दाबला, मोजलं नाही.
मी, आणि मोजलं नाही.

मोटारसायकल सुदेशची. मध्ये कुंदाच्या मांडीवर ती.
दवाखान्यात मास्कच्या वाफेमागं तिचे डोळे तेवढे दिसत होते.
सिस्टरनं विचारलं, "रोजचा चालू आहे ना?"
"हो," म्हणालो.
वीस वर्षांत खोटं वजन बोललो ते एवढंच.
पहाटे जाऊन खरं सांगितलं.
ती रागावली नाही. लिहून घेतलं.

आता अंगणातच शर्ट काढतो,
डोकं धुतल्याशिवाय तिला शिवत नाही.
पंप त्या प्लास्टिकच्या डब्याला जोडायचा,
हळू श्वास, पाच मोजायचे,
मग चूळ. "गिळू नको, थुंक."
चूळ राहिली तेव्हा जिभेवर पांढरं आलं होतं,
रुईसारखंच. घाबरलो होतो.
आठवड्यात गेलं.
डॉक्टर म्हणतात, पावसाळा नीट गेला तर डोस कमी करू.
कमी. बंद नाही.
हा शब्द मी दोनदा विचारून घेतला.

परवा पौर्णिमेला तिला चौकटीशी उभं केलं.
मागच्या रेघेपेक्षा तीन बोटं वर.
साडेतीन असती का? चार?
बराच वेळ बघत राहिलो.
पण दुसरी उत्पला नाही,
पंप न घेतलेली,
हिच्याशेजारी उभी करून फरक काढायला.
रिकाम्या गाडीचं वजनच नाही माझ्याकडे.

आणि ही आत्ताच हातपंपापासून धावत आलेली,
गाल लाल, श्वास भराभर,
पण शीळ नाही. कान लावून ऐकलं, नाही.
"काढा ना बाबा रेघ!"
टाचा उचलल्या तिनं.
मला दिसल्या.
रेघ तिथंच ओढली.