तीन त्रिकोण

खडकीच्या टूल-रूममध्ये
ड्रॉइंगवर उलटे त्रिकोण असायचे :
एक म्हणजे खरखरीत चालेल,
दोन म्हणजे बोट अडायला नको,
तीन म्हणजे आरसा.
नोकरीच्या पहिल्याच वर्षी डोळ्यांना ती खोड लागली.
म्हणून एकोणऐंशी साली, कॅम्पात,
नोशीर घडियालीच्या काउंटरवरचा
बेचाळीस रुपयांचा पाइप उचलला तेव्हा
तोंडातून आधी आकडाच निघाला. तीन.
नोशीर म्हणाला, "वार्निश आहे ते, साहेब.
चमकतं तेवढं झाकतं."

फोडलेल्या करवंदासारखा लाल.
ब्रायर म्हणजे कुठल्याशा समुद्राकाठच्या
झुडपाच्या मुळाची गाठ,
खडकात वाढलेली, पोटात वाळू घेतलेली.
जिथे खळगा, तिथे लांबी भरलेली,
सुतार चौकटीत भरतात तशी,
आणि वरून रंगाचा हात.
स्वस्त मालाचा मला राग नाही.
माझ्या पगारातही लांबी असायची,
ओव्हरटाइमची.

पहिल्या थंडीत कडेच्या वार्निशला फोड आले,
पापडाला येतात तसे.
दुसऱ्या वर्षी रंग बोटांवर उतरला.
कुमुदिनी विचारायची, मेंदी कुणाच्या लग्नाची?
मग लाकूड हळूहळू काळवंडत गेलं,
लांबी मात्र गेली नाही त्याच्याबरोबर.
एक गुलाबी ठिपका उघडा पडला,
बरोबर अंगठ्याखाली.

नंतर आणखी दोन घेतले.
एक टोकरलेला : जिथे जिथे दोष,
तिथलं लाकूडच कोणी रागाने कोरून काढलेलं.
तो म्हातारा झालाच नाही.
जन्मतः सुरकुतलेल्याचं आणखी काय होणार?
खाचांत फक्त माझ्या सायकलच्या हँडलची काजळी.
दुसरा वाळूच्या माऱ्याचा, सेकंड्समधला.
मऊ ते झडून गेलेलं, उरलेल्या नुसत्या रेषा,
झुडपाने मोजलेली वर्षं.
त्यांचे उंचवटे माझ्या हाताने चॉकलेटी केले,
खोलात अजून कारखान्याचा काळा.
तिघांच्याही दांड्या
उन्हात विसरलेल्या रबरी चपलेसारख्या हिरवट.

निवृत्तीच्या वर्षी डॉक्टर सरपोतदारांनी
माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला.
बोलले काही नाहीत. पेनाला टोपण लावलं.
तेव्हापासून तिघे औषधांच्या खोक्यात,
थर्मामीटरशेजारी.

गेल्या मंगळवारी खालच्या मजल्यावरची शाल्मली आली,
एकांकिकेतल्या कर्नलसाठी
ऑनलाइन मागवलेला पाइप घेऊन.
तोच लाल. तेच वार्निश.
पंचेचाळीस वर्षांत कुणाला रंग बदलावासा वाटला नाही.
"आजोबा, हा जुना कसा दिसेल?"
"वापरून."
"शुक्रवारी प्रयोग आहे."

चहाचं पाणी लावलं, ओघळून गेलं.
बूटपॉलिश लावलं, फडक्यावरच आलं.
सँडपेपर काढला मी, आणि परत ठेवला.
तिला सांगणार होतो,
की जुनेपणा सगळीकडे सारखा नसतो गं,
जिथे धरतो तिथे जास्त असतो.
त्याऐवजी खोकं उघडलं, माझा पहिला तिच्या हातात दिला.
तिचा अंगठा, कुणी न सांगता,
त्याच ठिपक्यावर बसला.
ट्यूबलाइटखाली तिने तो फिरवून फिरवून पाहिला,
मग फार जपून म्हणाली,
"छान आहे. पण मागच्या रांगेला दिसणार नाही, आजोबा.
उजेड खातो हा."

शुक्रवारी मी मागच्या रांगेतच बसलो.
कर्नलने मिशी सावरली, पाइप वळवला,
झोत त्यावर पडला आणि उसळला :
तीन त्रिकोण, एवढ्या लांबूनही.
मुलगी बरोबर होती.

लांबी कधीतरी गळून पडली असावी, खोक्यातच.
टाळ्या चालू होत्या.
माझा हात खिशात,
आणि ठिपक्याच्या जागी
बोट अडत होतं.