शेऱ्याचा रकाना

लष्करातल्या संगीतशाळेच्या माळ्यावरून
बारा वह्या खाली आल्या.
ग्वाल्हेरचा मे, डोक्यावरचा पत्रा तापून कडकडत होता.
मला रोजावर ठेवलंय, पानं मोजायची, वाळवी झटकायची,
नोंद करायची: राग, ताल, बंदिश, शेरा.

शेऱ्यात काय लिहू, यादोबुवा चांदवडकर?

म्हणे दरबारात गाताना
तुम्ही कधी कुणा सरदाराकडे पाहिलं नाहीत,
तंबोऱ्याच्या घोडीकडे पाहत राहिलात.
एकाने पाठीवर शाबासकीची थाप मारली
तर तान अर्धी टाकून उठून गेलात.
दंड रुपये सात. कारण, उद्धटपणा.
वही चौथी, पान एकोणीस. दंडाच्या खाली
तुम्ही त्या थापेची मात्रा लिहून ठेवलीय.

घरापासून छत्रीपर्यंत पावलं नऊशे बारा.
दुसऱ्या दिवशी नऊशे बारा.
एकदाच नऊशे चौदा,
आणि मग आठवडाभर कोरी पानं.

हमीरात तेवीस बंदिशी.
सगळ्यांत तीच पाणी भरणारी बाई,
तिच्या विरहाचं तुम्हाला काही पडलेलं नाही,
घागर कुठवर भरली, तेवढंच.

प्राचार्य म्हणाले, अवलिया होते.
शिपाई म्हणाला, पागल थे मैडम, दादा बताते थे.
मी गप्प.
पर्समध्ये डॉक्टरांचा कागद होता, चार घड्यांचा.
शर्वाणी, वय सात.

सासऱ्यांना समजावं म्हणून मराठी शब्द शोधला.
स्वमग्न.
किती चुकलाय, बुवा, हा शब्द.
स्वतःत कुठे मग्न असते ती?
ती पंख्याच्या तिसऱ्या पात्यात असते, जे जरा वाकलंय.
गजकच्या डब्याचं झाकण फरशीवर
फिरत फिरत थांबताना जे बोलतं, त्यात असते.
स्व सोडून सगळीकडे.

रात्री एका बाजूला कागद, एका बाजूला वही.
पेन्सिलीने खुणा करते तुमच्या नावाने.
नजरेला नजर, नाही.
स्पर्श, सोसत नाही.
तेच ते पुन्हा, हो, हो, हो.
कदाचित तुमचे डोळेच अधू असतील.
कदाचित सरदारच बघण्यासारखे नसतील.
मेलेल्या माणसाला तपासायला बसलेय मी
आणि खरं सांगू, मला निदान नकोच आहे,
पूर्वज हवाय.
शाळेतल्या बाईंना सांगायला,
यांचंही असंच होतं, आणि बघा.

त्या "आणि बघा"ची मला लाज वाटते.
बघायला काही नसेलही.
ती हमीर रचणार नाही कदाचित,
झाकणच फिरवेल, साठ वर्षांची होईपर्यंत.
तुमच्या गल्लीतही असेल ना कुणी
नऊशे बारा मोजणारा,
ज्याची वही नाही,
ज्याला दंडसुद्धा कुणी केला नाही,
नुसती बाहेरून कडी घातली.

आज नववी वही. शेवटच्या पानावर
अक्षर वेगळं, मोडी, शाई पातळ.
मोघ्यांकडून वाचून घेतलं:

भात निववून वाढणे.
हाक समोरून मारणे.
देवळात घंटा व्हायच्या आधी सांगणे.
पावले जास्त भरली तर त्या दिवशी काही विचारू नये.

सही नाही.
बायको असेल, भाऊ असेल, घरचा गडी असेल.
मोघे म्हणाले, किरकोळ आहे, सोडा.
मी पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा.

रकान्यात लिहिलं:
अक्षर दुसऱ्याचे. वाळवी नाही.

घरी येऊन डाळ लावली.
शर्वाणी, आता शिट्टी होईल हं, मी म्हटलं.
तिने पंख्यावरची नजर न काढता
दोन्ही कानांवर हात ठेवले
आणि थांबली.