तपासणी

कॅमेरे बसवणं हा माझा धंदा.
खोटेही विकतो. आत नुसता सेल,
बाहेर लुकलुकणारा लाल ठिपका,
साडेतीनशे रुपये, गॅरंटी नाही.
लोक म्हणतात, खरा कशाला, धाक असला म्हणजे झालं.
निम्म्या पेठांत माझे आंधळे डोळे टांगलेत.

बोहरी आळीत हकीमुद्दीन शेठचं दुकान.
खिळे, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, सगळं किलोवर.
तिथला कॅमेरा मात्र खरा.
वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, म्हणून गेलो, शिडी लावली.
लाल दिवा जळत होता,
पण मागची वायर उंदरानं कुरतडलेली.
शेवटचं चित्र गेल्या गणपतीतलं,
म्हणजे अकरा महिने.

खाली गल्ल्याशी शिळीमकर, वेल्ह्याकडचे,
तेवीस वर्षं त्याच स्टुलावर.
वर न बघताच म्हणाले, "उंदीर ना? ठाऊक आहे.
पिंजरा मीच लावला होता नंतर."
मग शेठना सांगितलं का नाही?
काट्यात कोयंडे टाकत म्हणाले,
"कुणी विचारलं नाही."

मला हसू आलं, मग अर्ध्यात थांबलं.
अकरा महिने रोज गल्ला पैशाला पैसा जुळतोय,
आणि शेठ श्रेय देतायत माझ्या कंपनीला.

मोह नाही झाला?
"झाला की. लेकीच्या बाळंतपणात.
शेठ नमाजाला गेलेले. ड्रॉवर उघडून बसलो होतो,
चांगला पाच मिनिटं."
मग?
"मग गिऱ्हाईक आलं. स्क्रू पाहिजे होते,
पाऊण इंची."
एवढंच. पुण्याचं काही बोलले नाहीत,
देवाचंही नाही.

मी नवी वायर काढली.
"राहू दे," म्हणाले. "सोमवारपासून मी नाही, गुडघे गेले.
मार्गासनीचं पोरगं येतंय, प्रणित नाव.
जोडलीस तर तो कसा आहे
त्याचं त्यालाही कळायचं नाही."
आणि चोर निघाला तर?
"निघेलही."
काका, तत्त्वज्ञान तुमचं, पैसे शेठचे.
"ते बरोबर आहे तुझं," म्हणाले
आणि पुन्हा काट्याकडे वळले.

मी शिडीवरच उभा.
खाली हातगाडीवाले साइड, साइड ओरडत होते,
कुणीतरी पत्र्याचे डबे आपटत होतं.
हातात वायर, खिशात बिलबुक.
वायर बदलली असं लिहिलं असतं
तर साडेआठशे होत होते,
आणि वर चढून बघणार कोण होतं?

शेठ आले. विचारलं, सगळं ठीक?
मी म्हणालो, दिवा चालू आहे.
हे खोटं नव्हतं.
खरं होतं का, ते अजून ठरत नाहीये.
बिलात लिहिलं: तपासणी, दोनशे.

गाडी काढली. सोन्या मारुती चौकात येईतो
छाती जरा फुगलीच होती.
बघ, म्हटलं स्वतःला, भीती नव्हती कसलीच,
तरी साडेसहाशे सोडलेस.
सिग्नलला पाय टेकला
तेव्हा आठवलं,
बिल लिहीत होतो तेव्हा शिळीमकर
चष्मा कपाळावर सारून
माझ्या पेनाकडे बघत होते.