पंधराव्या सेकंदाचा आकडा

मेडिकल चौकाच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर,
पश्चिमेच्या खोलीतला कूलर सकाळपासून बंद.
इन्क्युबेटर सदतीसवर लावलेला,
तोंडात असते तेवढी ऊब,
आणि त्या उबेच्या पाण्यात माझ्या चकत्या.
पण खोलीच आज एक्केचाळीस.
यंत्राला तापवणं येतं, निववणं कुणी शिकवलेलं नाही.
मी दार उघडून बर्फाची पिशवी आत ठेवते
आणि वहीत खरं ते लिहून टाकते.

चकत्या गुलाबी, पेढ्याएवढ्या.
कवळीच्या आतून लावायचं मऊ अस्तर.
ड्युरोमीटर आजोबांच्या खिशातल्या घड्याळासारखा,
फक्त पोटातून एक बोथट सुई बाहेर आलेली.
दाबला की सुई मागे रेटली जाते,
जेवढी रेटली, तेवढा काटा चढतो.
शून्य म्हणजे काहीच आडवं आलं नाही.
शंभर म्हणजे काच.
पहिल्या सेकंदाला बत्तीस.
पंधराव्याला सव्वीस.
मधे काय घडतं ते पुस्तकात दिलंय,
तरी दर वेळी माझा श्वास अडकतो.

देवकाबाई हेडाऊ स्टुलावर बसून बघतायत.
गोळीबार चौकात चाळीसेक वर्षं मागावर,
नऊवारीचे काठ विणत.
माग विकला. दात गेले.
कवळी ओल्या फडक्यात, फडकं पिशवीत.
"खालची लागते. भाकर कुस्करून खातो मी."
मग माझ्या चकत्यांकडे हात:
"दे इकडं. अंगठ्याले कळते."

खळ दिलेलं सूत दाबावं तशा
एकेक दाबून, डोळे मिटून, त्यांनी रांग लावली.
नरमाकडून कडकाकडे, पाच.
मी मागून मीटर घेऊन गेले.
चार बरोबर.
पण ज्या चकतीवर माझा काटा चोपन्न दाखवतो
ती त्यांनी ठेवलेली सगळ्यात पहिली.
"बाई, ही तर सगळ्यात कडक."
"नाही वं. लोण्यावाणी आहे."
मी पुन्हा दाबली. चोपन्न.
जागा बदलून. त्रेपन्न.

मग कॅलिपर लावला.
सहा मिलिमीटर हवेत, ही जेमतेम तीन.
साच्यात भरताना माझाच हात आखडलेला.
काटा अस्तर मोजतच नव्हता,
खालचा ग्रॅनाइटचा ओटा मोजत होता.

सांगितलं त्यांना. वाटलं, हसतील.
त्यांनी खालचा ओठ बोटानं ओढला:
हिरडी कुठली, नुसती दोऱ्याएवढी धार.
"मंग हे बी तसंच न.
वरून कातडं, खाली लगेच हाड.
तुमची कवळी माह्या हाडावर चालते."

वहीतला आलेख मी त्यांच्याकडे वळवला,
त्यांनी न बघताच विचारलं:
"सूत खळीनं ताठ होते,
मंग दोन-चार धुण्यांत लुगडं अंगाले लागते.
हे किती दिवसांत नरम पडन?"

हे उलटं आहे, मी म्हटलं.
नवं असतं तेव्हाच सगळ्यात मऊ.
आतलं तेलकट द्रव्य लाळेत उतरत जातं,
आणि वापराल तसं ते घट्ट होत जातं.

"मंग कोणाले सुचलं हे असं?"
मला उत्तर आलं नाही.
रकाने मात्र आखलेले होते:
शून्य दिवस, सात, तीस, नव्वद.
तिसापर्यंत भरलेले.

पाचव्या चकतीपुढे मी 'बाद' लिहिलं,
कारण: जाडी.
"फेकतेस काय? दे मले.
शिलाई मशीनचा एक पाय हालते."
गुलाबी चकती फडक्यात, कवळीशेजारी गेली.

जिन्यात उन्हाची झळ उभी.
देवकाबाईंनी पदर डोक्यावरून कानापर्यंत ओढला,
दोन पायऱ्या उतरून थांबल्या,
वळून अंगठा दाखवला:
"नव्वदाव्या दिवशी येतो. याले घेऊन."