चतुर

पाषाणला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
भाद्रपदातल्या उन्हात, साडेअकराच्या सुमाराला
चतुर येतात.
लाल शेपटीचे, काचेच्या पंखांचे.
तलाव इथून चालत पाच मिनिटांवर,
आणि अंडी घालतात ते
आमच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर.

शेपटीचं टोक टेकवायचं, उठायचं, पुन्हा टेकवायचं.
पत्रा असा तापलेला की ओलं फडकं ठेवलं तर चर्र होतं.
"म्याडम, हे पिवळं बारीक काय हो, खसखशीगत?"
यल्लप्पा म्हणाला, "रोज पुसतो, रोज हाय."
आणि त्यानं बॉनेट आणखी चकचकीत पुसलं.

मी वाचून काढलं.
मादी पाणी चाखून बघत नाही,
ओल बघत नाही, खोली बघत नाही.
पाण्यावरून आडवा होऊन उठणारा उजेड
तेवढा ओळखते.
कोट्यवधी वर्षं तो उजेड जवळजवळ पाण्याचाच होता.
मग रंगाच्या कारखान्यात कुणीतरी
पाण्यापेक्षा जास्त पाणी बनवलं.

तिला मूर्ख कसं म्हणू?
नाव तर आपणच ठेवलंय.

खडकीच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा
मला लूनाच्या स्टँडवरून कळायचं.
एका झटक्यात लागला, तर बाबा बरे.
दोनदा घसरला, तर
नंदूचा पतंग कॉटखाली,
रेडिओ बंद, आईला खूण,
पाण्याचा तांब्या दाराशी,
चेहऱ्यावर काहीच नाही.
आठ वर्षांची होते. एकदाही चुकले नाही.

(एकदा चुकले.
नंदूला डाव्या कानानं अजून नीट ऐकू येत नाही.)

आता मी बेचाळीसची.
निरंजन दारातल्या पितळी ताटलीत किल्ल्या टाकतो,
नुसत्या किल्ल्या, त्याला भूक लागलेली असते,
आणि माझ्या हातातलं पुस्तक उशीखाली गेलेलं असतं.
टीव्ही बंद. खांदे कानांपर्यंत.
"बंद का केलास? बघ की."
एकोणीस वर्षांत या माणसानं आवाज चढवला तो एकदा,
गॅस चालू राहिला होता म्हणून.
त्या रात्री मी इतकी गोड वागले
की तोच घाबरला.

एरंडवण्यातल्या गुर्जर डॉक्टर म्हणाल्या,
त्या मुलीला रागावू नका.
तिनं दोघांना सांभाळलं त्या घरात.
तिला फक्त कुणी कळवलेलं नाही
की आपण घर बदललंय.
मी मान हलवली, फी दिली
आणि बाहेर येऊन
रिक्षावाला कुठल्या मूडमध्ये आहे
याचा अंदाज घेत उभी राहिले.

परवा निरंजननं नाना पेठेतून गाडीला कव्हर आणलं.
खाकी, जाड, उजेड पिऊन टाकणारं.
यल्लप्पाला ते पटलं नाही. "मग मी पुसू काय?"
आणि हल्ली निरंजन लिफ्टमधूनच शीळ घालत येतो.
बेसूर. मी सांगितलं नव्हतं.
किल्ल्या खिशातच ठेवतो, मग हरवतात,
मग आम्ही दोघं सोफ्याखाली शोधतो.
कान तरी मोजतोच माझा,
शीळ कुठं तुटली, का तुटली.

आज एक मादी आली खाकी कापडावर.
घुटमळली. टेकली नाही. वर उठली.
मला वाटलं, गेली तलावाकडे.
ती गेली सातशे दोनवाल्यांच्या गाडीवर,
काळी, कालच आलेली,
झेंडूचा हार अजून सुकायचा होता.

"यल्लप्पा, एखादी जुनी चादर आहे का रे?"
होती, वॉचमनच्या खोलीत, विटकी, कडेला फाटलेली.
मी ती झटकत होते
तेवढ्यात मागे कुणीतरी टेबलावर
किल्ल्यांचा जुडगा टाकला.
खांदे वर गेले.
चादर सुटली नाही.
दोन टोकं यल्लप्पाच्या हातात, दोन माझ्या,
आणि मधे ती, कापडाखाली सापडू नये म्हणून
आम्ही थांबलो.